सेक्रेटरीच्या आधीचं 'हॉन.' म्हणजे काय हो?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या नोटिशीखाली सेक्रेटरी स्वतःच सही करून 'हॉन. सेक्रेटरी' असं छापतात, म्हणजे स्वतःला 'ऑनरेबल' म्हणवून घेतायत का? हसू येतं राव. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही हो, ते बिचारे निर्दोष आहेत! तिथलं 'हॉन.' म्हणजे ऑनररी, मानद, पगार न घेता काम करणारा, आणि सोसायटीत पगार नाहीच, वर पाणी गेलं की शिव्या फुकट. ऑनरेबल वेगळं, म्हणजे आपलं माननीय, आणि घोळ असा की दोघांचं शॉर्टफॉर्म 'हॉन.'च होतं. म्हणून आपल्याकडे मंत्री, न्यायमूर्ती वगैरेंसाठी मध्ये चिन्ह टाकून 'हॉन'बल' लिहितात, ते इंडियन इंग्लिशमध्ये जास्त दिसतं. हे विशेषण दुसऱ्याने लावायचं असतं, स्वतःच्या सहीआधी लावलं तर खरंच हसू येईल, जसं आपण स्वतःला 'मा.' लावत नाही (फ्लेक्सवाले सोडून). ब्रिटनमध्ये अजून एक पायरी वर आहे, 'राइट ऑनरेबल', ते प्रिव्ही कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या राजाच्या सल्लागार मंडळाच्या) मेंबरांना लागतं, पंतप्रधान त्यातच येतात. आणि 2012 मध्ये प्रणव मुखर्जींनी राष्ट्रपती झाल्यावर देशातल्या कार्यक्रमांत 'महामहिम' बंद करून 'माननीय' पुरे म्हणून सांगितलं, त्यामुळे राष्ट्रपतींनाही ऑनरेबलच चालतं. उच्चारात सुरुवातीचा 'ह' गिळायचा, 'हॉनरेबल' म्हणू नका, आणि इंग्रजीत त्याच्या आधी 'a' नाही, 'an' येतं.