क्लबहाऊसचं मोठं रिनोव्हेशन चालू असताना क्लब चालू कसा ठेवायचा?

पूर्ण बंद अजिबात करू नका, मेंबरांना एकदा दुसरीकडे जायची सवय लागली की संपलंच. आधी किचन आणि बार कुठे हलवणार ते बघा, कारण महाराष्ट्रात क्लबचं एफएल-४ (दारू देण्याचं) लायसन्स ठरलेल्या जागेपुरतंच असतं, लॉनवर मांडव टाकून पेग द्यायला लागलात तर एक्साइजवाले दारात, म्हणून परवानगीचा अर्ज आधीच टाका. पूल, टेनिस चालू राहू दे पण चेंजिंग रूम, टॉयलेट पाडायच्या आधी पर्यायी उभे करा (हे हमखास विसरतात!). तोडफोड सकाळी १० नंतर, शनिवार-रविवार नाही. आणि छप्पराचं काम मे महिन्यातच उरका, नाहीतर जूनमध्ये रमीची टेबलं भिजणार आणि एजीएमला (वार्षिक सभेला) कमिटीची काही खैर नाही.