मॅरेथॉन की दोनशेची ब्रेव्हे: कोकणात जास्त दमवतं काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एका मॅरेथॉनच्या बरोबरीला किती किलोमीटर सायकल धरायची, आणि २१ किलोमीटर बऱ्यापैकी धावणाऱ्याने मित्राच्या नादाने थेट २०० च्या ब्रेव्हेला (ठरलेल्या मुदतीत २०० किलोमीटर सायकल पुरी करायची, शर्यत नव्हे) नाव द्यावं का. मित्र म्हणतो सायकल जास्त अवघड, तुम्हाला ते पटत नाही. मी रत्नागिरीत राहतो, गेली बरीच वर्षं दोन्ही करतो आणि दोन्हींत व्यवस्थित मार खाल्लाय, तेव्हा जरा पाल्हाळ लावतो.

आधी नुसता इंधनाचा हिशेब. धावताना दर किलोला दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ६५ किलोचा माणूस ४२.१९५ किलोमीटर धावला की २७०० च्या आसपास जळल्या. सायकलवर सपाटीला, विसाच्या वेगाने, किलोमीटरमागे वीस-पंचवीस. म्हणून धावण्याचा एक म्हणजे सायकलचे तीन असं लोक सांगतात, आणि मॅरेथॉनला सव्वाशे किलोमीटर सायकल असं उत्तर येतं.

हे उत्तर पंढरपूरच्या रस्त्याला ठीक. आपल्याकडे सपाटी आहे कुठे? सागरी मार्गावर खाडी आली की उतरा, पूल ओलांडा की लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर चढा, सडा संपतो न संपतो तोच पुढची खाडी. रत्नागिरीजवळचा आरे-वारेचा किनाऱ्यालगतचा रस्ता फोटोत फार देखणा दिसतो. तो चढून बघा म्हणजे फोटो काढणारे गाडीने का येतात ते कळेल. सायकल आणि सामान धरून ८० किलोचं ओझं १०० मीटर वर न्यायला जवळपास ८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे एक किलोमीटर धावण्यापेक्षा जास्त. असे वीस-पंचवीस शेकडे दिवसभरात चढायचे. काही उतारावर परत मिळतं, पण समोर आंधळं वळण, त्यात गुरं नाहीतर चिऱ्यांचा ट्रक. निम्मी कमाई ब्रेकमध्ये जाते. त्यामुळे किनाऱ्यावरची दोनशे म्हणजे निव्वळ इंधनात दोन मॅरेथॉन, थोडं वरच. इथवर तुमचा मित्र बरोबर.

पण दोन मॅरेथॉन पाठोपाठ धावलेला माणूस आणि दोनशे चालवून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेजारी उभे करा. सायकलवाला मासळी बाजारात पिशवी घेऊन हिंडत असेल. धावलेला कॉटवरून उठताना भिंत धरत असेल.

चार तासांत मॅरेथॉन संपवणारा सुमारे चाळीस हजार पावलं टाकतो, आणि दर पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. गंमत म्हणजे दोनशेच्या ब्रेव्हेतही पेडलचे फेरे चाळीस हजारांच्या घरात जातात. आकडा तोच, पण सायकलवर मांडीचा स्नायू फक्त आखडताना जोर लावतो. धावताना पाऊल टेकलं की तोच स्नायू ताणला जात असताना शरीर पेलतो, आणि त्या ताणात त्याचे बारीक तंतू तुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं ते हे. उतारावर हा ताण सगळ्यात जास्त. मी एकदा मोठ्या हौसेने आंबा घाटातून साखरप्याच्या बाजूला धावत उतरलो. दम लागला नाही, छाती एकदम हलकी, वाटलं आज काय सुंदर लागलंय. पुढचे तीन दिवस घरच्या माडीवरून कठडा धरून उलटा, पाठमोरा उतरत होतो. आईने विचारलं, "जिन्याला काय नवीन नवस बोललास काय?" तोच घाट सायकलने उतरलो असतो तर फार तर बोटं दुखली असती.

म्हणून माझं मत असं: धावण्यात किती लांब जाता येईल हे पाय ठरवतात, सायकलीवर ते पोट आणि बूड ठरवतं. हृदय-फुप्फुसं दोन्हीकडे बहुधा कमी पडत नाहीत. उलट सायकलवर नाडी धावण्यापेक्षा थोडी खालीच राहते, कारण बसल्याने अंगाचं ओझं सीटवर असतं. तुमच्यासारख्या धावणाऱ्याला त्यामुळे फसायला होतं. दम लागत नाही, मग जोरात दामटतो, आणि ऐंशीव्या किलोमीटरला मांड्या संप पुकारतात. धावण्याचा दम सायकलला कामी येतो, मांडीचा जोर मात्र वेगळा कमवावा लागतो.

आता पोटाचं. अंगातला ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, दीड-दोन हजार किलोकॅलरीचा. मॅरेथॉनला तिसाव्या किलोमीटरच्या पुढे जी 'वॉल' लागते, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपते, ती हा साठा सरल्यामुळेच, तरी उरलेले दहा-बारा दात-ओठ खाऊन रेटता येतात. दोनशेला साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ रेटून कोण काढणार? तिथे दर तासाला खायलाच हवं, भूक असो वा नसो. धावताना पोट हिंदकळतं, फार काही जात नाही. सायकलवर जातं, आणि आपल्याकडे त्याची चंगळ आहे. महागड्या जेलच्या पुड्या मी कधीच सोडल्या. खिशात आंबापोळीचे तुकडे, बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम आगळ, आणि दुपारी मिळाली तर पेज. एकदा कुणकेश्वरच्या अलीकडे भर उन्हात एका घराच्या पडवीत बसकण मारली. तोंडातून शब्द फुटत नव्हता. घरातल्या आजींनी उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि कैरीची फोड पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "काय रे झिला, येष्टी चुकली काय तुझी?" दोन वाडगे प्यायलो. वीस मिनिटांनी उठलो तो नवा गडी. पाणी, मीठ, पिष्ट, सगळं एका वाडग्यात. नुसतं पाणी ढोसत राहू नका; घामावाटे मीठ जातं, वर साधं पाणी भरलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं गरगरतं, आणि माणसाला वाटतं पाणीच कमी पडलं.

बुडाचं फार लिहीत नाही, ज्याला झालंय त्याला सांगायला नको. हातांचं मात्र लिहितो. माझ्या पहिल्या सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेनंतर (४० तासांची मुदत, झोप जेमतेम दोन तास) उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तीन आठवडे बधिर होतं. हँडलवर तळव्याच्या कडेची नस दबून राहिली. जेवताना बांगड्याचा काटा चिमटीत धरता येईना, बायकोने काटे काढून दिले आणि ते अख्ख्या वाडीला सांगितलं. सीट एक बोटभर पुढे झुकलेली होती, एवढंच कारण. सायकलवर चूक लहान असते, पण तीच चाळीस हजार वेळा होते. सीट खाली असली की गुडघ्याचा पुढचा भाग जातो, वर असली की मागची शीर. पेडल तळाला असताना गुडघा जरासा, पंचवीस-तीस अंशांत वाकलेला राहिला पाहिजे. तेवढं तुमच्या मित्राकडून आधी करून घ्या.

उन्हाच्या बाबतीत धावणाऱ्याची दया येते. आपल्या हवेत घाम सुकतच नाही, नुसता टपटपतो, आणि न सुकलेला घाम अंग गार करत नाही. सायकलवाला स्वतःचा वारा स्वतः तयार करतो, पण चढाला सहा-सातच्या वेगावर आला की तोही भट्टीत. आणि वाऱ्याचं ऐकायचं असतं: दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, उन्हाळ्यात तो वायव्येचा असतो, त्यामुळे दुपारी उत्तरेकडे तोंड करून चालवणं म्हणजे शिक्षा. परतीचा रस्ता दक्षिणेकडे राहील असं आखा.

धावून धावून गुडघे जातात, सायकल बरी, असंही एक काका तुम्हाला सांगतील. हौशी धावणाऱ्यांचे गुडघे धावण्यामुळे झिजतात याला फारसा आधार नाही. उलट फक्त सायकल चालवणाऱ्यांची हाडं, विशेषतः कमरेच्या मणक्याची, भार न मिळाल्याने विरळ राहू शकतात. म्हणून सहाशे करत असलो तरी आठवड्यात दोनदा धावणं मी सोडलेलं नाही.

तर तुमचं. नाव द्या, पण ब्रेव्हेच्या आधी दोन महिने तुमचा रविवारचा लाँग रन एकाआड एक रविवारी सायकलला द्या: साठ, ऐंशी, शंभर, एकशे वीस. अंतराची फिकीर कमी करा, सहा तास सीटवर बसून खाता येतं का ते बघा. शंभर आरामात झाले आणि पोट बिघडलं नाही तर दोनशे होतात. ब्रेव्हेनंतर तिसऱ्या दिवशी हलकं धावायला हरकत नाही. उलटं मात्र करू नका. मॅरेथॉननंतर दोन-तीन आठवडे लांब काहीच नको, छाती कितीही हो म्हणाली तरी.

धावणं किनाऱ्यावर करत असाल तर भुसभुशीत वाळूत शिरू नका, तिथे दीडपटीहून जास्त ताकद जाते आणि पोटऱ्या भरून येतात. ओल्या घट्ट वाळूवर धावा, आणि किनारा एका बाजूला कललेला असतो म्हणून जाताना जेवढं तेवढंच येताना. वेळेसाठी आपला जुना हिशेब आहेच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, म्हणजे सकाळी जागाच नाही. पंचमीला पावणेचारची, म्हणजे सातपासून वाळू मोकळी होऊ लागते. त्या दिवशी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर या, मी असतोच.