नाईट ड्युटीवरच्या नव्या सिस्टरला

प्रिय पोरी,

"इंजेक्शन दिलं तरी पेशंट कण्हतात, रात्रभर झोपत नाहीत, मी आणखी काय करू?" हा तुझा मेसेज वाचला. सर्जिकल वॉर्डातली नाईट म्हटल्यावर हा प्रश्न येणारच. फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

आधी विचारायला शीक. "दुखतंय का?" ला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे, "होतंय सहन." बायकांचं तर हमखास. खुब्याचं ऑपरेशन झालेली आजीही तेच सांगेल, पण तिची मूठ बघ. कॉटचा दांडा गच्च धरलेला असेल, कुशीवर वळवताना श्वास रोखलेला असेल. म्हणून विचारायचं, "हललं की किती दुखतं? खोकताना? रात्री कशाने जाग आली?" शून्य ते दहाचा स्केल चार्टवर हवाच, पण "दहापैकी किती?" म्हटलंस तर आजी तुझ्या तोंडाकडे बघत बसेल. तिला विचार, "रुपयातलं किती आणे दुखतंय?" "बारा आणे" असं चटकन सांगेल. औषधानंतर पुन्हा विचार आणि ती "सहा आणे" म्हणाली, तर लागू पडलं. मात्र एका पेशंटला एकच माप ठेव, नाहीतर तुलना करता येत नाही. अजून बोलता न येणाऱ्या बाळाचा चेहरा, पाय, हालचाल आणि रडणं बघायचं, शिवाय जवळ घेतल्यावर शांत होतंय का तेही.

"नाटक करतोय" हा शेरा वॉर्डात कानावर पडेल. त्यात सूर मिसळू नकोस. पेशंट सांगतो तीच वेदना, आणि तो म्हणतो तेव्हा ती असतेच, हे मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन नर्सने 1968 सालीच मांडलंय.

आता औषधं. ऑर्डरमध्ये पेनकिलर नुसतं 'एसओएस', म्हणजे गरज पडली तरच द्यायचं, असं असेल तर आपले पेशंट ते मागतच नाहीत, सिस्टरला कशाला त्रास द्यायचा म्हणून. दुखणं शिगेला पोहोचल्यावर बेल वाजते, आणि तेव्हा तेच औषध अपुरं पडतं. ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस तरी वेळेवर द्यायची ऑर्डर राउंडलाच मागून घे. ड्रेसिंग किंवा चालवायचं असेल तर गोळी अर्धा-पाऊण तास आधी. पॅरासिटामॉलची बेरीज मात्र तूच ठेव. सलाईनमधून एक ग्रॅम, वर ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीतही पॅरासिटामॉल असतंच. मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, आणि 50 किलोच्या खालच्या आजीला डोस वजनावर. इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने, गोळीनंतर तासाभराने परत कॉटपाशी जायचं. औषध दिलं एवढंच लिहून पुढे जाणाऱ्या खूप असतात.

दोन ठिकाणी सावध. मॉर्फिन किंवा फेंटानिल, म्हणजे श्वास मंदावू शकणारं जबरी पेनकिलर, चालू असलेला पेशंट गाढ झोपलाय म्हणून खूश होऊ नकोस. आधी पूर्ण मिनिटभर श्वास मोज, मग हाक मार. श्वास दहाच्या खाली किंवा हाकेला नीट ओ नाही, तर पुढचा डोस थांबव, ऑक्सिजन लाव, डॉक्टरांना बोलाव, नॅलॉक्सोन, म्हणजे त्यावरचा उतारा, हाताशी ठेव. दुसरं, ताज्या प्लास्टरमधलं दुखणं औषधाने न थांबता वाढतच चाललं आणि बोटं सरळ करताना पेशंट ओरडला, तर ती रात्रीच कळवायची गोष्ट आहे. सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, कितीही बोलणी बसली तरी.

आणि इंजेक्शन भरायच्या आधी जरा चादर उचलून बघ. कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडून लघवी तुंबलेली, कॅन्युलाची (सलाईनसाठी शिरेत घातलेल्या नळीची) जागा सुजलेली, पाठीखाली ओली चादर, हे सगळं मला शेकडो वेळा सापडलंय. पोटाचं ऑपरेशन असेल तर डोक्याकडची बाजू थोडी वर, गुडघे किंचित दुमडलेले, म्हणजे टाक्यांवरचा ताण उतरतो. खोकायचं असेल तेव्हा पोटाशी उशी घट्ट धरायला लाव.

झोपेचं बरंचसं आपल्याच हातात आहे, आणि खरं सांगू, झोप मोडतोही आपणच. दहाला बीपी, अकराला अँटिबायोटिक, बाराला शुगर, एकला कूस बदलणं! जमेल तेवढी कामं एका फेरीत बसव. स्टेबल पेशंटचं बीपी रात्री कमी वेळा घेतलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचार, मनाने काही गाळू नकोस. लॅसिक्सचा, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचा, दुसरा डोस दुपारी चारपर्यंत गेला पाहिजे, नाहीतर काका रात्रभर बाथरूमला. मॉनिटरचा अलार्म बंद करायचा नाही, त्याच्या मर्यादा पेशंटप्रमाणे लावून घ्यायच्या. ट्रॉलीच्या चाकाला तेल घालायला वॉर्डबॉय मामांना सांग. नातेवाइकांचे मोबाईल दहानंतर सायलेंट, हे गोड बोलून पण ठामपणे.

झोपेची गोळी सगळ्यात शेवटी. म्हाताऱ्या माणसाला तिने भ्रम होतो, पडण्याची भीती असते. त्यापेक्षा झोपायच्या आधी लघवी, कोमट पाण्याने पाय पुसणं, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताला लागेल असं ठेवणं, एवढ्याने बरंच भागतं.

सकाळच्या हँडओव्हरला "नाईट शांत गेली" असं मोघम नको. किती आणे होतं, किती वाजता काय दिलं, त्याने किती उतरलं आणि किती तास सलग झोप लागली, हे चार्टवर लिही आणि तोंडीही सांग.

तुझी,
ताई