न्यूझीलंडला जाऊन जुन्या गाड्या घ्यायच्या-विकायच्या म्हणतोस, तर ऐक

तू विचारलंयस की स्टुडंट व्हिसावर ऑकलंडला येतोय, इस्लामपूरला वडिलांचं गॅरेज आहे, लहानपणापासून हात काळे करतोयस, तर इथे स्वस्तातल्या जुन्या गाड्या उचलून, नीट करून विकल्या तर फी निघेल का. दादा म्हणालास म्हणून स्पष्टच सांगतो, नाही निघणार. आणि स्टुडंट व्हिसावर असेपर्यंत तर यात पडूच नको. त्या व्हिसावर काम म्हणजे कुणाकडे तरी नोकरी, तीही ठरलेल्या तासांत, स्वतःचा धंदा चालत नाही. "कोण बघतंय रे" म्हणणारे आपलेच लोक भेटतील, पण पुढे रेसिडेन्सीच्या फाइलला काय लागलं तर निस्तरायला त्यातला एकही येणार नाही. तोवर एखाद्या गॅरेजला हेल्पर म्हणून लाग, पार्टचे भाव आणि गिऱ्हाईक दोन्ही कळतात.

मी रेसिडेन्सी झाल्यावर सुरू केलं, वर्षाला चार-पाच गाड्या, शनिवार-रविवारचा उद्योग. इथे रस्त्यावर जपानमध्ये वापरून आलेल्या गाड्या भरपूर, टोयोटा विट्झ, माझदा डेमिओ, होंडा फिट म्हणजे आपली जॅझ. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. चावी फिरवली की जपानी बाई बोलायला लागते, टोलचं कार्ड घातलं नाहीस म्हणून, आणि रेडिओ जपानच्या बँडचा असतो त्यामुळे इथली बरीचशी स्टेशनं लागतच नाहीत. बँड एक्स्पांडर नावाचा छोटा पार्ट मिळतो, तो टाकून ठेव, गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्हला बसलं की पहिल्यांदा गाणी लावून बघतं, खरंच.

पैसा विकताना नाही मिळत, घेताना मिळतो. इथे वॉरंट ऑफ फिटनेस असतं, लोक नुसतं 'वॉफ' म्हणतात, आपलं पासिंग समज पण जरा कडक. वॉफला फेल झालेली गाडी बरेच जण वैतागून 'अ‍ॅज इज व्हेअर इज' (आहे तशी, आहे तिथे) म्हणून ट्रेड मी या इथल्या जाहिरातींच्या साइटवर नाहीतर फेसबुकवर टाकतात. तिचा फेल शीट मागायचा, फोटो पाठव म्हणायचं, नाही म्हणाला तर सोडून द्यायची. माझ्या एका हॅचबॅकच्या शीटवर तीनच गोष्टी होत्या, पुढच्या दोन टायरची नक्षी 1.5 मिलिमीटरच्या खाली, डावा बॉल जॉइंट ढिला, एक ब्रेक लाइट बंद. 2,400 डॉलर सांगत होता, 1,900 ला दिली. सामान आणि टायर मिळून 480, वॉफ आणि रेगो (गाडी रस्त्यावर चालवायची ठरावीक मुदतीची फी) भरून विकली 3,200 ला. हातात सातशेच्या आसपास राहिले, पण त्यात दोन वीकेंड गेले आणि त्याआधी अकरा गाड्या बघून नको म्हटलेलं, ते तास कोण धरणार.

गंज दिसला की मागे फिर. दारावरचा नाही रे, खालचा, सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) आणि सस्पेन्शनच्या माउंटिंगजवळचा, तिथलं वेल्डिंग खिशाला परवडत नाही. एअरबॅगचा दिवा जळतोय ती पण नको, वॉफ होत नाही. रेगो वर्षभराहून जास्त संपलेली असेल तर रजिस्ट्रेशनच रद्द होतं आणि परत रस्त्यावर आणायला गाडीच्या किमतीएवढा खर्च, त्यामुळे बरेच महिने उभ्या असलेल्या 'फक्त बॅटरी डाउन आहे' वाल्यांपासून लांब. आणि टेस्ट ड्राइव्ह निदान अर्धा तास मार. मी पाच मिनिटं गल्लीत फिरवून एक ऑटोमॅटिक घेतली, घरी येताना मोटरवेवर गिअरबॉक्स गरम झाला आणि रेस वाढतेय पण गाडी पळतच नाही. शेवटी भंगारात, 1,400 गेले. दोन गाड्यांची कमाई त्या एका संध्याकाळी, बायको अजून काढते तो विषय.

आता कागद. घेण्याआधी पीपीएसआरवर, म्हणजे गाडीवर कर्ज आहे का ते दाखवणाऱ्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नंबर टाकून बघ, आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर फायनान्सवाला तुझ्या दारातून गाडी उचलून नेऊ शकतो. डिझेल असेल तर किलोमीटरमागे रोड यूजर चार्ज असतो (1 एप्रिल 2024 पासून इलेक्ट्रिकलाही), जुनी थकबाकी तुझ्या गळ्यात येऊ शकते. विकताना वॉफ एक महिन्याच्या आतलं हवं, नाहीतर 'आहे तशी घेतो' असं गिऱ्हाइकाकडून लेखी घे. 12 महिन्यांत 6 पेक्षा जास्त विकल्यास की तुला ट्रेडर धरतात, मग रजिस्ट्रेशन आणि ग्राहक कायद्याची सगळी जबाबदारी. सहाच्या आत म्हणजे टॅक्स नाही असं मात्र नाही हं, विकायच्या हेतूने घेतली ना, मग एका गाडीच्या नफ्यावरही टॅक्स. जीएसटी 60,000 डॉलरच्या उलाढालीवर लागतो, नफ्यावर नाही, इथे बरेच जण फसतात. आणि जाहिरातीत थापा मारू नको, प्रायव्हेट विक्री असली तरी गिऱ्हाईक डिस्प्यूट्स ट्रिब्युनलला, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टासारख्या ठिकाणी, जाऊ शकतं.

भाड्याच्या घराच्या ड्राइव्हवेवर ऑइल सांडलं की घरमालक बॉन्ड (डिपॉझिट) कापतो, म्हणून जागा आधी बघ. पान्ह्यांचा सेट बॅगेत कोंबू नको, इथे मिळतो, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारं यंत्र) मात्र आण. पहिली गाडी स्वतःला फिरायला घेशील तेव्हा कळव, रविवारी मोकळा असतो, जॅक घेऊन येतो, खाली झोपून बघू.