बाटली उलटी करून वाच

प्रिय बाळा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला, फोटो मोठे करून पुन्हा पुन्हा बघितले, हनुवटीवरचं ते बारीक लाल पुरळ आणि ओठांच्या कडेला सोललेली कातडी. पण खरं सांगू का, चेहऱ्यापेक्षा तुझ्या शेवटच्या वाक्याची मला जास्त काळजी वाटली. "ताई, आता सगळं नॅचरलच लावतेय, मग हे बहुतेक स्किन डिटॉक्स होत असेल ना?"

नाही गं. त्वचा अशी डिटॉक्स वगैरे होत नसते, शरीरातली ती कामं लिव्हर आणि किडनी करतात. तुझी त्वचा तुला नको म्हणतेय एवढंच. सुरुवातीला पुटकुळ्या वाढणं हा प्रकार असतो, नाही असं नाही, पण तो रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या जातीची औषधं, किंवा मृत पेशी काढणारी ॲसिड लावली की होतो, कारण त्यांनी पेशी बदलायचा वेग वाढतो आणि आत तयार होत असलेलं सगळं लवकर वर येतं, तेही बहुतेक नेहमीच्याच जागी. तू लावलंयस लॅव्हेंडरचं तेल, टी ट्रीचं तेल आणि लिंबाचा रस. त्यांनी खाज आली, आग झाली, लाली आली तर तो दाह आहे नाहीतर ॲलर्जी. म्हणून आजपासून तू नव्याने सुरू केलेल्या सातही बाटल्या बाजूला ठेव, तोंड कोमट पाण्याने धू, आणि एकच साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लाव, बास. डोळ्यांभोवती सूज आली किंवा पुरळातून पाणी यायला लागलं तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस, त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

मी रागावलेली नाहीये हं. घरातलं जुनं लावायचं सगळं एका झटक्यात फेकून दिलंस, ते स्वतःची काळजी घ्यावीशी वाटली म्हणूनच ना, आणि ती इच्छा चांगलीच आहे. मीही याच दारातून आत आले. क्रीम बनवायला लागले तेव्हा माझा एकच हट्ट होता, प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे क्रीम खराब होऊ न देणारं काही, अजिबात घालायचं नाही. कोरफडीचा गर, बदामाचं तेल, थोडं मेण, गुलाबपाणी. काय सुंदर झालं होतं ते क्रीम, पांढरंशुभ्र, बोटाला लागलं की विरघळायचं. मैत्रिणींना डब्या वाटल्या. तिसऱ्या आठवड्यात माझ्या डबीचं झाकण उघडलं, क्रीम दिसायला अगदी पहिल्यासारखंच, वासही चांगला, आणि सहज झाकण उलटं केलं तर आतल्या बाजूला, जिथे वाफ जमते ना, तिथे मोहरीएवढा राखाडी ठिपका. त्याला केसाळ कडा होती. बुरशी. पोटात गोळा आला माझ्या, कारण तेच क्रीम एकीने तिच्या बाळाच्या गालाला लावलं होतं. त्या दिवशी सगळ्यांना फोन करून डब्या फेकायला लावल्या. बाळाला काही झालं नाही हे नशीब.

बुरशी निदान दिसते तरी. स्यूडोमोनससारखे बॅक्टेरिया पाणी असलेल्या क्रीममध्ये लाखोंनी वाढलेले असले तरी डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि त्वचेवर जरा कुठे चीर असेल किंवा ते डोळ्यात गेलं तर प्रकरण अवघड होतं. ज्यात पाणी आहे, गर आहे, अर्क आहे, त्यात काहीतरी राखण करणारं लागतंच. नुसतं तेल किंवा नुसतं बाम असेल तर पाणीच नाही म्हणून त्याशिवाय चालतं, तेही ओली बोटं बुडवली नाहीत तर. आणि ज्या सेंद्रिय प्रमाणपत्राचा शिक्का बघून तू एवढी भारावून जातेस ना, त्या कॉसमॉसच्या नियमांतसुद्धा बेंझॉइक ॲसिड, सॉर्बिक ॲसिड, बेंझिल अल्कोहोल अशी मोजकी प्रिझर्व्हेटिव्ह चालतात, प्रयोगशाळेत तयार झालेली असली तरी. अशा कडक लोकांनी सुद्धा हे मान्य केलंय, म्हणजे विचार कर.

आता पॅराबेनचं सांगते, ती पण प्रिझर्व्हेटिव्हच, कारण 'पॅराबेन फ्री' लिहिलंय म्हणून घेतलं असं तू तीन बाटल्यांबद्दल लिहिलंयस. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडले. सापडले एवढंच, त्यांच्यामुळे गाठ झाली असं त्या अभ्यासाने दाखवलं नव्हतं, निरोगी ऊतींशी तुलनाही केलेली नव्हती. पण भीती पसरली ती पसरलीच, कंपन्यांनी पॅराबेन काढले आणि बऱ्याच ठिकाणी त्याजागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह आलं. लोक खूश, कारण लेबलवर पॅराबेन नाही. आणि मग त्वचेच्या डॉक्टरांकडे हातावर, चेहऱ्यावर एक्झिमा घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. अमेरिकेतली कॉन्टॅक्ट डर्मटायटिसवर, म्हणजे काही लागल्याने त्वचेला होणाऱ्या दाहावर, काम करणारी डॉक्टरांची संस्था दरवर्षी एक ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी देणारा पदार्थ, जाहीर करते, २०१३ साली तो मान या पदार्थाला मिळाला, आणि युरोपने २०१७ पासून लावून ठेवायच्या प्रॉडक्टमध्ये त्यावर बंदीच घातली. त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनना 'नॉन-ॲलर्जन' म्हणून निवडलं, कारण त्यांनी ॲलर्जी होण्याचं प्रमाण फार कमी आहे. पॅराबेनच वापर असं मी म्हणत नाहीये, नको वाटत असेल तर नको वापरूस. फक्त 'अमुक फ्री' वाचलं की लगेच मनात प्रश्न आला पाहिजे, ते काढलं ना, मग त्याजागी काय घातलं?

त्याचं उत्तर बाटलीच्या पाठीमागे असतं. समोरच्या बाजूवर पान, फूल, दवबिंदू, ती जाहिरात झाली. मागची बारीक अक्षरं म्हणजे खरी पत्रिका. त्या यादीत जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी, असं उतरत्या वजनाने लिहायचं असतं, एक टक्क्याच्या खाली गेलं की मग क्रम कसाही चालतो. आता एक युक्ती सांगते. फिनॉक्सिइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह खूप ठिकाणी असतं आणि युरोपात ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही, म्हणजे यादीत ते कुठे आहे ते शोधायचं आणि त्याच्यानंतर जे जे लिहिलंय ते फार तर एखादा टक्का असणार असं धरून चालायचं. तू पाठवलेल्या एका फोटोत मागची बाजू अर्धवट दिसतेय, त्यात समोर एवढं मोठं गुलाबाचं चित्र आणि गुलाबाचा अर्क फिनॉक्सिइथेनॉलच्याही खाली, शेवटून दुसरा. गुलाबाचं एक किलो तेल काढायला साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात गं, स्वस्तातल्या बाटलीत ते कितीसं येणार.

आणि हो, 'ज्याचं नाव उच्चारता येत नाही ते लावू नये' हा नियम आजच्या आज सोडून दे. ब्युटिरोस्पर्मम पार्की म्हणजे शिया बटर आणि टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई. झाडांची नावं लॅटिनमध्ये लिहायची पद्धत आहे म्हणून ती अशी भयंकर वाटतात. उलट सगळ्यात सोप्या शब्दाला, 'फ्रेग्रन्स' किंवा 'परफ्यूम' ला, मी जास्त घाबरते, कारण त्या एका शब्दामागे पन्नास घटक लपू शकतात. 'अनसेन्टेड' ने पण फसू नकोस, त्यात मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो, 'फ्रेग्रन्स फ्री' लिहिलेलंच बघ आणि ते सुद्धा यादी वाचून.

इथेच तुझ्या पुरळाचं मूळ असावं असं मला वाटतंय. तुझ्या सातपैकी पाच बाटल्यांमध्ये इसेन्शियल ऑइल, म्हणजे झाडांपासून काढलेली वासाची तेलं, आहेत. लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल, ही तुला केमिकलची नावं वाटतील, पण लॅव्हेंडर, संत्र्याची साल, गुलाब यांच्या तेलातच ती निसर्गाने घातलेली असतात. युरोपात ही ठरावीक प्रमाणाच्या वर असतील तर लेबलवर वेगळी लिहावी लागतात, ती ॲलर्जी देऊ शकतात म्हणूनच. त्यातली गंमत अशी की ताज्या तेलापेक्षा उघडून ठेवलेलं जुनं तेल जास्त त्रास देतं, हवा लागली की लिनालूल आणि लिमोनीनचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून जे बनतं ते त्वचेला जास्त भडकवतं. तू लिहिलंयस की लॅव्हेंडरची बाटली खिडकीत ठेवतेस, ऊन पडतं तिथे, छान दिसते म्हणून. फेक ती.

लिंबू तर चेहऱ्याला लावूच नकोस, कधीच. त्वचेचा पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट, साधारण पाचच्या आसपास, लिंबाच्या रसाचा दोनच्या थोडा वर, आणि पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहा पट, तेव्हा हा फरक शेकडो पटींचा आहे. वर लिंबाच्या जातीच्या फळांमध्ये फ्युरानोकुमरिन नावाचे पदार्थ असतात, ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात, ते जायला महिने लागतात. डाग घालवायला लावलेल्या लिंबाने डाग पडलेली मुलगी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीये. आणि त्यावर उतारा म्हणून खायचा सोडा लावतात, म्हणजे थेट दुसरं टोक.

सनस्क्रीन घरी बनवायची हौस असेल तर ती पण आत्ताच सोड. झिंक ऑक्साइड तेलात घोटलं की झालं असं वाटतं, पण त्याचे कण सारखे पसरलेत की गुठळ्या झाल्यात हे डोळ्यांना दिसत नाही, आणि गुठळ्या झाल्या की मधल्या मोकळ्या जागेतून ऊन सरळ आत. रास्पबेरीच्या बियांच्या तेलात भरपूर एसपीएफ, म्हणजे ऊन अडवायची ताकद, असतो हे जे फिरत असतं त्यावर विसंबून उन्हात जाऊ नकोस. मिनरल सनस्क्रीन हवं तर झिंक ऑक्साइडचं तयार मिळतं, तपासलेलं, ते घे आणि सढळ हाताने लाव, कारण एसपीएफची टेस्ट दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून करतात आणि आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाही.

मग ऑरगॅनिकला काही अर्थच नाही का, असं विचारशील. आहे ना, आणि मी अजूनही त्याच बाजूची आहे. फक्त तो अर्थ शेताशी जोडलेला आहे, पीक कसं घेतलं, मातीत काय घातलं, काय नाही घातलं. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात बंदी असलेलं काही त्याआधीची तीन वर्षं जमिनीवर पडलेलं नसलं पाहिजे, तेव्हा कुठे ते पीक ऑरगॅनिक म्हणून विकता येतं. त्या शेतकऱ्याच्या, तिथे राबणाऱ्यांच्या, तिथल्या पाण्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेसे वाटले तर जरूर दे. तुझ्या गालाला ते तेल सोसेल का, हा मात्र पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे. शिक्का बघताना पण जरा थांबून बघ, 'ऑरगॅनिक' म्हणायला अमेरिकेत ९५ टक्के घटक सेंद्रिय लागतात आणि 'मेड विथ ऑरगॅनिक' म्हणायला ७० टक्के. 'नॅचरल' या शब्दाची तर तिथे कॉस्मेटिकसाठी कायद्यात व्याख्याच नाही, तो कोणीही छापू शकतं. खाण्याच्या बाबतीतही तसंच, स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सेंद्रिय खाण्यात कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता कमी दिसली, पण पोषण जास्त असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणून सेंद्रिय परवडत नाही त्या महिन्यात फळं-भाज्याच कमी केल्या असं करू नकोस हं, साधं आण, वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धू आणि पोटभर खा.

तुझ्या त्वचेला आत्ता खरं तर कमी गोष्टी हव्यात. आग जरा थांबली की एक सौम्य क्लेन्झर, एक मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. निदान सहा आठवडे एवढंच, कारण त्वचेचा वरचा थर पूर्ण बदलायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, त्याआधी कशाचा काय परिणाम झाला हे नीट कळत नाही. तू सात गोष्टी एकाच आठवड्यात सुरू केल्यास, आता गुन्हेगार कोण हे मी कसं ओळखू?

सगळं शांत झालं की एक एक परत आणू. नवीन काही घेतलंस की कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावायचं, तिथे काही झालं नाही तरच चेहऱ्याला. एका वेळी एकच. बाटली उघडली ती तारीख पेनाने तळाला लिहून ठेव, मागे उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६एम किंवा १२एम लिहिलेलं असतं, उघडल्यापासून तेवढे महिने ती चांगली.

आज संध्याकाळी वेळ मिळाला की सातही बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठव, उजेडात काढ, अक्षरं वाचता आली पाहिजेत. आणि ती कोरफडीची डबी, 'प्रिझर्व्हेटिव्ह फ्री' लिहिलेली, तिचं झाकण उघडून आतून पण एक फोटो काढ.

तुझी,
ताई