कोकणातले ओसाड सडे आणि कातळशिल्पं जपण्यासाठी विकास अडवून धरणं योग्य आहे का?

तुम्ही प्रश्नात "ओसाड सडे" लिहिलंत, तिथेच मी अडकलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. सातबाऱ्यावर याच जमिनीला "पोटखराबा" म्हणतात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, आणि त्या एका शब्दापायी आमचा निम्मा सडा गेला.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. वाडीच्या वर सामाईक सडा, सातबाऱ्यावर अकरा नावं. लहानपणी गुरांमागे वर गेलो की एका ठिकाणी कातळात कोरलेला मासा दिसायचा. माझ्या दोन हातांएवढा लांब, बोटाच्या पेराएवढी खोल रेघ. पहिल्या पावसात रेघेत पाणी साचलं की मासा चकाकायला लागायचा. आजी सांगायची, पांडवांनी एका रात्रीत कोरलाय, त्यावर पाय देऊ नका. आम्ही वळसा घालून जायचो, गुरंसुद्धा हाकून बाजूने न्यायचो.

2011 च्या गणपतीत थोरल्या चुलतभावाने संमतीपत्र पुढे केलं. सडा चिरेखाणीला द्यायचा होता. ठेकेदार पडवीत चहा घेत बसलेला, आत आरतीची तयारी चाललेली. मी एवढंच विचारलं की मासा यात येतो का. दादा म्हणाला, "तो लांब राहिला रे, तिकडे कोण जातंय." मी सही केली. नकाशा मागितला नाही, वर जाऊन बघितलं नाही.

पुढच्या मे महिन्यात गेलो तर सरळ उभ्या भिंतींचा खोल चौकोनी खड्डा. मशीनचं गोल पातं किंचाळत होतं, करवंदीच्या जाळ्यांवर तांबड्या धुळीचा थर बसला होता. खड्ड्याच्या काठावर माशाची शेपटी तेवढी शिल्लक होती. बाकीचा मासा चिरे होऊन कुणाच्या तरी कंपाउंडला लागला. त्या शेपटीजवळ मी किती वेळ बसलो मला आठवत नाही.

रात्री दादाशी वाजलं. तो म्हणाला, "दगड चाटून पोट भरतं का? तुम्ही मुंबईकर मे महिन्यात दहा दिवस येणार, बारा महिने इथे आम्ही काढायचे." बारा महिन्यांचं म्हणणं खरं होतं, त्यावर मी गप्प बसलो. पण पोटाचं काय झालं तेही बघा. तीन वर्षांत खाण संपली. पैसे अकरा ठिकाणी वाटले गेले, माझ्या वाट्याचे एका फ्रीजमध्ये संपले. दादाच्या मुलाला त्या खाणीत एक दिवसाचंही काम मिळालं नाही, कामगार बाहेरून आले होते. विकास म्हणतात तो हाच असेल तर मला तो नको.

ओसाड म्हणता, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात सड्यावर या. दीपकाडी फुलते तेव्हा काळ्या कातळावर पांढरी फुलं डोलत असतात, आणि ती कोकणाबाहेर सहसा मिळत नाही. श्रावणात सीतेची आसवं या इवल्या फुलांनी सडा जांभळा होतो. जांभा सच्छिद्र, पाऊस पोटात घेतो आणि खाली वाडीतल्या झऱ्यांना, विहिरींना सावकाश सोडतो.

आणि कातळशिल्पं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे ही मंडळी कातळशिल्पं शोधत गावोगाव सडे तुडवत फिरली नसती तर आमच्या माशासारखी आणखी किती गेली असती! कशेळीचा हत्ती जवळजवळ 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. आज कोकणात नसलेला गेंडाही या चित्रांत सापडतो. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नऊ ठिकाणं गेली, सात रत्नागिरी जिल्ह्यातली, सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ. त्यात आमच्याच तालुक्यातलं बारसू आहे. पुढच्याच वर्षी त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि लोक एप्रिलच्या उन्हात रस्त्यावर उतरले. त्यांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी आधी तो सडा पायी फिरावा.

सगळा सडा जपा असं मात्र मी म्हणत नाही. आमचं घर चिऱ्याचंच आहे. हापूसच्या बागांसाठीही सुरुंग लावून कातळ फोडलाय, त्यावर अनेक घरं चालतात. आमची विहीर आता शिमग्यानंतर तळ दाखवते, पण ते खाणीमुळेच असं शपथेवर सांगता येणार नाही, खाली बोअरवेलीही झाल्यात. उद्योगाला जागा लागणार. फक्त आधी सडा बघा, मोजा, चित्रं नोंदवा, मग कुठे खणायचं ते ठरवा. आमच्याकडे उलटं होतं.

तुमच्याही सातबाऱ्यावर असा सामाईक सडा असेल तर सणासुदीला पडवीत बसून कशावरही सही करू नका. नकाशा मागा, आणि तो हातात घेऊन स्वतः वर जा. सहहिस्सेदार रागावतील, रागावू द्या.

उत्तरेकडची दोन एकर अजून शाबूत आहेत. तिथे एक गोल चक्र आणि दोन पावलं कोरलेली आहेत, मी फोटो काढून, मापं घेऊन ठेवलीत. यंदा गणपतीत पुन्हा कागद येणार असं वाडीतून कळलंय. दादा, तू हे वाचशीलच. माझी सही मिळणार नाही.