मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं हल्ली एकसारखी का दिसतात? जुनी खरंच चांगली होती का?

मी चित्रकार नाही, सावंतवाडीतला नुसता वाचक आहे. पण या विषयावर कुणी विचारायचाच अवकाश होता.

माझ्या मते रंग स्वस्त झाले, हे मोठं कारण. ब्लॉकच्या, म्हणजे धातूच्या ठशाच्या, छपाईत दर रंगाला वेगळा ब्लॉक लागायचा आणि कागद तितक्या वेळा मशीनवर चढायचा. प्रकाशकानं दोनच रंगांचे पैसे मोजले, की चित्रकाराला डोकं चालवण्यावाचून गत्यंतर नसे. कागदाचा पांढरा हाच एक रंग धरायचा, एकावर दुसरा छापून तिसरा काढायचा. दीनानाथ दलाल, वसंत सरवटे यांच्या रेषेची जी मिजास आहे, ती अशा काळात घडली. (दलाल मूळचे गोव्याचे, रघुवीर मुळगावकरही. शेजारधर्म म्हणून एवढा अभिमान चालवून घ्या.) आता चारही रंग एका दमात छापून मिळतात, मग निवड करतो कोण? तयार फोटो उचलला, वर नाव टाकलं, पाठवलं छापायला.

अर्थात जुनं ते सगळं सोनं नव्हतं. ब्लॉक जरा सरकला की नायिकेच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर यायचा, आणि तशाच प्रती बाजारात जायच्या.

साचा बघायचा तर कोकणावरची पुस्तकं बघा. माड, होडी, मावळता सूर्य, कौलारू घर, फार तर पाठमोरी बाई. आत गोष्ट असते खाणीची, नाहीतर भाऊबंदकीच्या खटल्याची! इथं वर्षातले चार महिने सूर्य धड दिसत नाही, चिऱ्याच्या गडग्यावर शेवाळ चढतं, अंगणात झापांचे आडोसे लागतात. तो ओला, काळपट हिरवा रंग मुखपृष्ठावर क्वचितच भेटतो.

दुसरं कारण मोबाईल. ऑनलाइन दुकानात मुखपृष्ठ अंगठ्याएवढं दिसतं, म्हणून अक्षर ठसठशीत, चित्र एकच, पार्श्वभूमी भडक. धंदा म्हणून मला ते पटतं. पण अक्षर मोठं करायचं तर ते कुणीतरी काढावं तरी! कमल शेडगे नाटकाचं नाव असं रेखाटायचे की जाहिरातीतल्या अक्षरांवरूनच नाटकाचा बाज कळायचा. आज तेच दोन-तीन फाँट कादंबरीलाही आणि मधुमेहाच्या पुस्तकालाही. आणि कण्याकडे तर कुणी ढुंकून बघत नाही. वाचनालयाच्या कपाटात पुस्तकाचा कणाच तेवढा दिसतो, त्यावरचं नाव वाचायला मला चष्मा पुसावा लागतो.

मॅट लॅमिनेशनचं फॅड मात्र मला मुळीच मानवत नाही. हात लावायला मऊ लागतं, कबूल. पण बाहेरून प्लास्टिक आणि आतून उघडा कागद. जुलैच्या दमट हवेत कागद आतल्या बाजूनं फुगतो आणि मुखपृष्ठ बाहेर वळतं. टेबलावर ठेवलेलं पुस्तक आपोआप तोंड उघडतं. पुण्या-मुंबईत बसून कागद ठरवणाऱ्यांनी एक पावसाळा इकडे काढावा.

चांगली मुखपृष्ठं आजही निघतात. सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी यांची कामं शोधून बघा. शोधायला थोडा त्रास पडेल, कारण ऑनलाइन विक्रीच्या पानावर लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, अगदी वजनसुद्धा असतं, मुखपृष्ठकाराचं नाव बहुधा नसतं. ते पुस्तक उघडून, आतल्या बारीक टायपातच वाचावं लागतं.